गौरीचे हात आपल्याच परसात

भाद्रपद लागला म्हणजे कोकणातील घराघराची नजर रानाकडे वळते. एरवी ज्या टेकड्यांकडे आपण वर्षभर ढुंकूनही पाहत नाही, त्यांच्याच उतारांवरून आपल्या घरी गौराई यावयाची असते. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन, असे हे तिचे तीन दिवसांचे माहेरपण. कोणाकडे ती मुखवट्यांच्या रूपाने उभी राहते, कोणाकडे पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांच्या रूपाने, तर कोणाकडे तेरड्याच्या रोपांच्या रूपाने. आपल्या पनवेल-पेणच्या पट्ट्यात तेरड्याच्या गौरीचा मान मोठा. मुळांसह आणलेल्या त्या रोपांच्या मुळ्या म्हणजे गौराईची पावले, असे आपल्या आज्या-पणज्या सांगत आल्या. आणि पावले तेरड्याची, तर हात कळलावीचे! ज्वाळेसारख्या लाल-पिवळ्या पाकळ्यांच्या या रानफुलाला कोकणात ‘गौरीचे हात’ असेच नाव आहे.

या हातांविषयीच आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. कळलावी यापुढे रानातून ओरबाडून आणू नये; ज्याने त्याने ती आपल्या परसातील ओलाव्याच्या जागी लावावी, वर्षभर राखावी आणि तेथूनच गौराईला वाहावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. हा केवळ बागेच्या हौसेचा प्रश्न नाही. ज्या देवीला आपण निसर्गाची माउली म्हणून पूजतो, तिच्याच पूजेसाठी तिचेच रान उजाड करावे काय, असा तो प्रश्न आहे.

प्रथम फुलाची ओळख करून घेऊ. कळलावी ही वेल आहे, पण चढावयास तिला काटे नाहीत की निराळे तणावे नाहीत. तिच्या पानाचे टोकच लांबत जाऊन सुतासारखे वळते आणि शेजारच्या काटकीला विळखा घालते. फूल उमलते ते खाली तोंड करून. परंतु त्याच्या सहाही पाकळ्या मागे वळून आकाशाकडे उभ्या राहतात. त्यांच्या कडा पाण्याच्या लाटेप्रमाणे नागमोडी असतात. प्रथम रंग हिरवट, मग पिवळा, मग टोकाकडून लाली उतरू लागते आणि अखेरीस सारे फूल कुंकवासारखे लाल होते. एकाच वेलीवर या साऱ्या अवस्था एकाच वेळी दिसतात. मेंदीने रंगलेली बोटे वर करून कोणी सुवासिनी उभी असावी, तसे ते रूप. ज्या कोणा अनाम माउलीने या फुलाला प्रथम गौरीचे हात म्हटले, तिची दृष्टी कवीची होती, यात शंका नाही.

गंमत अशी की, येथून शेकडो कोस दूर तमिळ देशातही हेच सुचले. तेथील प्राचीन संघम वाङ्मयात स्त्रियांच्या बोटांना ‘कान्दळ’ म्हणजे कळलावीच्या पाकळ्यांची उपमा दिलेली आढळते आणि हे फूल तेथे मुरुगनाचे, म्हणजे आपल्या कार्तिकेयाचे मानले जाते. मातेचे हात महाराष्ट्रात आणि पुत्राची माळ द्रविड देशात, असा हा योग. तमिळनाडूने तर कळलावीला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. आफ्रिकेतील झिंबाब्वे या देशाचेही ते राष्ट्रपुष्प आहे. लिनियसने १७५३ साली तिचे शास्त्रीय नाव ठेवले ‘ग्लोरिओसा सुपर्बा’. लॅटिनमध्ये या दोन्ही शब्दांचा अर्थ वैभवाचा आणि दिमाखाचा. इतके कौतुक जगाने केले. आपण मात्र तिला वर्षातून तीन दिवस आठवतो आणि तेही तोडण्यापुरते.

आता मुद्द्याकडे येऊ. तेरडा आणि कळलावी ही दोन्ही गौरीची, पण दोघांचा जीवनक्रम अगदी भिन्न. तेरडा एका पावसाळ्याचा पाहुणा. ज्येष्ठात उगवतो, भाद्रपदात फुलतो, पाऊस सरला की वाळतो. त्याची बोंडे पिकली की नुसत्या स्पर्शाने फुटतात आणि बी दूरवर उधळते. तेव्हा रानातून काही रोपे मुळांसकट उपटली, तरी मागे राहिलेल्यांचे बी पुढच्या वर्षाची बेगमी करून ठेवते. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण त्याच्या रंगाला लागू असेल, वंशाला नाही.

कळलावीचे तसे नाही. ती वर्षानुवर्षे जगणारी वेल आहे. तिचा जीव जमिनीखालच्या कंदात असतो. पावसाळा संपला की वर काहीच दिसत नाही, वेल सुकून मातीत मिळून जाते. पण कंद उन्हाळाभर निजलेला असतो आणि मृगाच्या पावसाने जागा होतो. गौराई जशी दरवर्षी त्याच घरी माहेरी येते, तशी ही त्याच जागी पुन्हा वर येते. आता यातील नाजूक गोष्ट पाहा. जुना कंद दरवर्षी वेल वाढविण्यात खर्ची पडतो आणि त्याच्या जागी नवा कंद भरतो. तो भरावयाचा तर श्रावण-भाद्रपदात वेलीची पाने अंगावर असावी लागतात. नेमक्या त्याच दिवसांत आपण येतो आणि दोन फुलांच्या मोहापायी आख्खी वेल बुडाशी धरून ओढतो! वेल तुटली म्हणजे कंद उपाशी राहतो. पुढच्या वर्षी तो दुबळा कोंब देतो, फूल देत नाही. पुन्हा वेल ओढली की संपतो. फुलेच नेल्यामुळे बीही धरत नाही. म्हणजे मुलगाही गेला आणि नातूही. त्यात औषधी व्यापारासाठी कंद खणून नेणारे वेगळेच.

पनवेलकरांना हे सांगण्याचे विशेष कारण आहे. आपले गाव एके काळी डोंगर, खाडी आणि भातशेती यांच्या मध्ये वसलेले टुमदार बंदर होते. पूर्वेस माथेरानचा डोंगर, दक्षिणेस कर्नाळ्याचा सुळका, मधून वाहणारी गाढी नदी, गावात वडाळे तळ्यासारखी तळी. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि पुढील पन्नास वर्षांत या भूमीचे रूप पालटले. नवे पनवेल झाले, द्रुतगती मार्ग झाला, २०१६ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. उलवे येथील टेकडी कापून आणि नदीचा प्रवाह वळवून बांधलेल्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. यातील काहीच होऊ नये, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. या सोयींचा लाभ आपण सारेच घेतो. पण ज्या बांधांवर आणि झुडपांत कळलावी चढत असे ते बांध किती उरले, याचा हिशेब कोणी तरी मांडला पाहिजे की नको? रान आक्रसले आणि गौरी पुजणारी घरे मात्र अनेक पटींनी वाढली. पूर्वी शंभर घरांसाठी जो डोंगर पुरत असे, तो आता लाख घरांना पुरणार कसा?

कर्नाळ्याचे अभयारण्य तेवढे आहे, असे कोणी म्हणेल. १९६८ साली ते स्थापन झाले आणि त्याचे क्षेत्र आज अवघे बारा चौरस किलोमीटर आहे. तेथील फूल-पान तोडण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. देवीच्या नावाने कायदा मोडल्यास देवी प्रसन्न होते, असे कोणत्याही शास्त्रात सांगितल्याचे आमच्या वाचनात नाही.

येथे एक आक्षेप आम्ही टाळू इच्छीत नाही, कारण तो खरा आहे. गौरीच्या आदल्या दिवशी पनवेलच्या बाजारात ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरच्या बाया डोक्यावर भारे घेऊन पहाटेच येतात. तेरडा, रानफुले, पत्री विकून त्यांच्या घरचा सण साजरा होतो. प्रत्येकाने आपापल्या परसात फुले लावली तर या बायांच्या हातचे चार पैसे जातील, त्याचे काय? आमचे उत्तर असे की, तेरडा त्यांच्याचकडून घ्यावा आणि घासाघीस न करता घ्यावा. काकड्या, चिबूड, रानभाज्या त्यांच्याकडून घ्याव्यात. कळलावीची फुले आणली असतील तर तीही घ्यावीत. मात्र बुडापासून ओढलेली वेल दिसली तर पुढच्या वर्षी नुसती फुले देठासह खुडून आणण्यास सांगावे आणि त्याबद्दल दोन रुपये अधिक द्यावेत. रानाचे ज्ञान त्यांना आपल्यापेक्षा शतपटीने अधिक आहे. वेल ओढली जाते ती त्यांच्या अज्ञानाने नव्हे; गिऱ्हाइकाला मोठा जुडा हवा असतो, म्हणून. दोष बाजाराच्या या टोकाला आहे, त्या टोकाला नाही.

धर्माच्या दृष्टीनेही हा विचार नवा नाही. देवपूजेस लागणारी तुळस आपण रानातून आणत नाही, वृंदावनात लावतो. जास्वंद, पारिजातक, दूर्वा, बेल यांना घराभोवती जागा देण्याची आपली रीत जुनीच आहे. फूल वाहण्यात जे पुण्य आहे, ते फुलाच्या किमतीत नसून त्यामागच्या सेवेत आहे. भक्ताने भावाने दिलेले साधे पान वा फूलही भगवंत स्वीकारतो, हे तर गीतेनेच सांगितले आहे. आपल्या पूर्वजांनी देवरायांना हात लावला नाही. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा इतरत्र नाहीशा झालेल्या वनस्पती देवाच्या धाकाने तेथे टिकून राहिल्याचे त्यांनी दाखवून दिले. देवाच्या नावाने रान राखण्याची ज्या समाजाची परंपरा, त्याने देवाच्याच नावाने रान ओरबाडावे, हे शोभत नाही.

आता दुसरा आक्षेप, आणि तो आमच्या भगिनीवर्गाकडून हमखास येणारा. “कळलावी घरात? नाव काढू नका! घरात कळ लागते.” कळ लावणारी ती कळलावी, तेव्हा ती दारी लावली की सासू-सुनेत, भावाभावांत भांडण पेटते, अशी समजूत पुष्कळांची आहे. या नावाचा उलगडा आयुर्वेदात सापडतो. संस्कृतात या वनस्पतीला लांगली, अग्निशिखा, विशल्या, गर्भनुत् अशी नावे आहेत. तिचा कंद नांगराच्या आकाराचा असतो, म्हणून लांगली. फुलाच्या ज्वाळेवरून अग्निशिखा. आणि प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी जुने वैद्य तिचा बाहेरून लेप करीत, म्हणून कळ लावणारी. कळ ही पोटातली, भांडणातली नव्हे! शिवाय जे फूल गौराईचा हात म्हणून देवघराजवळ तीन दिवस मानाने ठेवावयाचे, तेच अंगणात उगवले तर अशुभ, हे तर्काला धरून आहे काय?

तथापि एका बाबतीत आमच्या भगिनींची भीती सर्वस्वी रास्त आहे. कळलावी विषारी आहे. आयुर्वेदाने जी सात उपविषे सांगितली, त्यांत रुई, निवडुंग, धोत्रा, कण्हेर, गुंज आणि अफू यांच्या पंक्तीला लांगलीही बसते. गोमूत्रात शोधन केल्याशिवाय वैद्य तिला हात लावीत नाहीत. १८७२ साली ज्या पनवेलीत धूतपापेश्वर औषधी कारखाना सुरू झाला, त्या गावाला हे वेगळे सांगावयास नको. आधुनिक शास्त्राने तिच्यातील विषाला कोल्चिसीन असे नाव दिले. गाऊट नावाच्या सांधेदुखीवर तेच औषध म्हणून अल्प मात्रेत वापरतात आणि त्यासाठी तमिळनाडूतील धारापुरम, ओड्डनछत्रम या भागांत शेतकरी कळलावीची रीतसर शेती करून तिचे बी विकतात. परंतु हेच बी किंवा कंद पोटात गेल्यास माणूस दगावतो. कंद रताळ्यासारखा किंवा कणघरासारखा समजून खाल्ल्याने मृत्यू ओढवल्याची उदाहरणे आहेत. लक्षणे लगेच दिसत नाहीत, काही तासांनी उलट्या व जुलाब सुरू होतात आणि तोवर विष अंगात भिनलेले असते. अशा वेळी घरगुती उपाय करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठले पाहिजे.

म्हणून आमचे सांगणे दुहेरी आहे. ज्या घरात रांगते-चालते मूल आहे, गाय-वासरू मोकळे फिरते, त्या घराने कळलावी लावू नये. गौरी त्यामुळे रुसणार नाही. ज्या घरातील मंडळी जाणती आहेत त्यांनी ती जरूर लावावी, पण कण्हेर आणि धोत्रा अंगणात असताना जी सावधगिरी आपण पिढ्यान्‌पिढ्या बाळगली, तीच येथेही बाळगावी. कण्हेरीला आपण घाबरलो नाही, कारण तिची ओळख होती. ओळख हीच खरी राखण.

आता लावावी कोठे व कशी, ते सांगतो. प्रत्येक घराच्या मागे एक ओली जागा असते. विहिरीकडची, न्हाणीच्या पाण्याची, पागोळ्या पडतात तेथली. पूर्वी तेथे अळू, केळ, कर्दळ, सोनटक्का असे. आता पहिली फरशी तेथेच बसते, कारण चिखल नको आणि डास नकोत. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो सारा फरशीवरून गटारात आणि गटारातून रस्त्यावर येतो, मग आपण महापालिकेला बोल लावतो. ती एक जागा मोकळी ठेवा. पाणी मुरू द्या, साचू देऊ नका. डास होतात ते साचलेल्या पाण्यात, ओल्या मातीत नव्हे.

मात्र या ओल्या जागेतही पायऱ्या आहेत. अगदी सखल, जेथे पावसाळाभर माती भिजून चिंब असते, तेथे कळलावीचा कंद कुजेल. ती जागा पेव्याची. कोकणातल्या ओढ्याकाठी नि रस्त्याच्या कडेला हा पेवा आपोआप वाढतो. जिन्यासारखी गोल फिरत गेलेली पाने, तांबड्या कणसातून डोकावणारे कागदासारखे पांढरेशुभ्र फूल. त्याचे गड्डे वेगळे करून लावले की दुसऱ्याच वर्षी बेट होते. पेव्याच्या बनात साप असतो, असे म्हणतात. ओल आणि अडचण असेल तेथे कोठेही साप येऊ शकतो, त्यात पेव्याचा अपराध नाही. बेट विरळ ठेवले म्हणजे झाले. सावली असेल तेथे रानहळद लावावी, तिचा गुलाबी तुरा श्रावणात पाहावा. सोनटक्का हवाच असेल तर अवश्य लावावा, त्याच्या सुगंधाला तोड नाही. परंतु तो मूळचा पूर्व हिमालयाकडचा पाहुणा आहे, आपल्या डोंगराचा रहिवासी नव्हे, एवढे ध्यानी असू द्यावे. क्यूबा बेटाने त्यालाच राष्ट्रपुष्प केले आहे. माणसाप्रमाणे फुलांचेही नशीब कोठे उघडेल, सांगता येत नाही.

कळलावीसाठी या ओल्या जागेचा वरचा काठ निवडावा. जमीन ओलावा धरील, पण हात घातला तर पाणी लागणार नाही, अशी. गडग्याच्या किंवा कुंपणाच्या कडेची जागा उत्तम, कारण वेलीला चढावयास आधार मिळतो. मातीत थोडी वाळू, कुजलेला पालापाचोळा आणि जुने शेणखत मिसळावे. अर्धा दिवस ऊन पुरते. बुडाशी सावली आणि शेंड्याला ऊन, असे असल्यास फारच उत्तम. कंद हाताळताना हातमोजे घालावेत. कंदाच्या टोकाला एकच डोळा असतो. तो मोडला की कंद निकामी झाला, म्हणून अंड्यासारखा जपून उचलावा. दोन-तीन इंच खोल, आडवा ठेवून वर माती लोटावी. सदनिकेत राहणाऱ्यांनीही निराश होऊ नये. तळाला भोके असलेल्या मोठ्या कुंडीत, गॅलरीच्या गजांवर ही वेल सुखाने चढते.

कंद आणावा कोठून? रानातून नव्हे, हे आता पुन्हा सांगावयास नको. चांगल्या रोपवाटिकेतून घ्यावा किंवा ज्यांच्याकडे वेल आहे त्यांच्याकडून मागून आणावा. हळदीकुंकवाला जशी सुवासिनींची ओटी भरतो, तसा एखादा कंद शेजारणीला द्यावा, आणि तो देताना त्याचे विषही सांगावे. बियांपासूनही रोप होते, पण बी रुजावयास वेळ घेते आणि पहिले फूल दिसावयास तीन-चार पावसाळे जातात. इतका धीर ज्यांना आहे त्यांनी तोही मार्ग धरावा.

गौरीच्या तिथीला फूल मिळावे, यासाठी एक युक्ती आहे. आपला भाद्रपद इंग्रजी महिन्यांत मागे-पुढे सरकतो. २०२० साली गणेशचतुर्थी २२ ऑगस्टला होती. २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे ती १९ सप्टेंबरला आली. वेलीला अधिक मास कळत नाही, पाऊस कळतो. लावल्यापासून साधारण दोन महिन्यांनी ती फुलू लागते आणि काही आठवडे फुलत राहते. म्हणून सर्व कंद एकदम न लावता काही मृगाच्या सुमारास आणि काही पुढे दोन-तीन आठवड्यांनी लावावेत. ज्या वर्षी अधिक मास भाद्रपदाच्या आधी येतो, त्या वर्षी दुसऱ्या खेपेचे कंद अधिक ठेवावेत. पंचांग पाहूनच लावणी करावी, असे म्हणावयास हरकत नाही.

श्रावणात एक शत्रू येतो. काळ्या अंगावर पांढरे आणि नारिंगी ठिपके असलेली एक अळी या वेलीची पाने फस्त करते. औषधे फवारण्याच्या फंदात न पडता सकाळी हातमोजे घालून वेचून काढावी. दोन-चार अळ्या राहिल्या तर राहू द्याव्यात. तिचा पतंगही दिसावयास देखणा असतो. फुलावर फुलपाखरे आणि शिंजीर येतात, तेही पाहावे.

आवाहनाच्या सकाळी फुले तोडताना टोकाचा वीतभर देठ पुरे. एका वेलीची दोन-चार फुले घ्यावीत, बाकीची तिच्यावरच राहू द्यावीत. गौराईच्या हातांच्या जागी ती खोवावीत. नैवेद्याच्या ताटाजवळ ठेवू नयेत, आणि त्यानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय पुरणाला स्पर्श करू नये. हळदीकुंकवाला आलेल्या मुलांच्या हाती ती पडणार नाहीत, इतक्या उंचीवर असावीत.

विसर्जनाच्या दिवशी गौरीबरोबर आलेले तेरड्याचे ताटवे आणि पत्री गाईला घालण्याची पुष्कळ घरांची रीत आहे. कळलावी त्यातून आधी काढून घ्यावी. ती तळ्यातही टाकू नये. परसातच एक हात खोल खड्डा करून त्यात पुरावी. पुढे वेलीवर शेंगा धरतील, आश्विन-कार्तिकात त्या उकलतील आणि आत शेंदरी बी दिसेल. मुलांना ते मण्यांसारखे वाटते, म्हणून उकलण्यापूर्वीच काढून डबीत बंद करून, डबीवर नाव लिहून उंच फळीवर ठेवावे. पाने पिवळी पडली तरी वेल ओढू नये, तिची ती वाळू द्यावी. मार्गशीर्षात वर काहीच उरत नाही. त्या वेळी त्या जागी एक दगड रोवून ठेवावा, म्हणजे उन्हाळ्यात कोणी नकळत तेथे कुदळ मारणार नाही.